पहिला बाइंडर घेताना: इंचटेप, जिना आणि मांडी

मी ट्रान्समॅन, म्हणजे जन्मताना मुलगी म्हणून नोंदवला गेलेला पुरुष. बारावीच्या सेंड-ऑफला छाती सपाट दिसावी म्हणून मी तिला क्रेप बँडेज गुंडाळून गेलो होतो. १५ सेंटिमीटर रुंदीचा रोल, नाक्यावरच्या मेडिकलमधून "पाय मुरगळलाय" असं सांगून आणलेला. त्याच्या टोकाला लावायला दोन बारीक पत्र्याच्या क्लिपा येतात. त्यातली एक दुपारपर्यंत काखेखाली टोचायला लागली आणि दुसरी कुठे पडली ते कळलंच नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये पोचेपर्यंत बोटांना मुंग्या आल्या होत्या. वरचे वेढे सुटून, दोरीसारखे वळून बरगड्यांत रुतले होते. ग्रुप फोटोत मात्र शर्ट असा सरळ पडलाय की काय सांगू! त्या सरळ शर्टापायी पुढची दोन वर्षं मी तेच बँडेज वापरलं, कारण बाइंडर नावाची, छाती सपाट दाबून धरायला खास शिवलेली बनियन असते हेच मला माहीत नव्हतं.

बाइंडर घालायला लागून आता नऊ वर्षं झाली. ओळखीतून कुणी ना कुणी पोरगा विचारत येतो आणि प्रश्न ठरलेला असतो: "दादा, सगळ्यात फ्लॅट कुठला करतो?" माझं उत्तरही ठरलेलं. घरातल्या आरशात सगळेच सपाट करतात. दादरचा पूल चढून वर गेल्यावर ज्यात तुला नीट बोलता येतं, तो तुझा. पुढे जे लिहिलंय ते सगळं या एका कसोटीभोवती आहे.

एक खुलासा. मी "तू" म्हणतोय आणि पुल्लिंगात बोलतोय. मराठीत क्रियापद लिंग विचारल्याशिवाय पुढे सरकतच नाही, त्याला इलाज नाही. तू नॉन-बायनरी असशील, म्हणजे स्वतःला पुरुष किंवा बाई यात बसवत नसशील, स्वतःबद्दल वेगळं बोलत असशील, तर मनात बदलून घे. मापं तीच राहतात.

बँडेज आणि चिकटपट्टी का नको

आपण श्वास घेतो तेव्हा बरगड्या वर आणि बाहेर जातात, दर मिनिटाला बारा-पंधरा वेळा. नीट शिवलेल्या बाइंडरमध्ये पुढचा भाग न ताणणाऱ्या कापडाचा असतो, तो छाती दाबून धरतो. पाठीचा आणि बाजूचा भाग ताणणारा असतो, तो श्वासाबरोबर मागेपुढे होतो. क्रेप बँडेज सगळ्या बाजूंनी सारखंच आवळतं, आणि तू जसा हलतोस तसं सरकून एका ठिकाणी गोळा होतं. मुरगळलेल्या पायाला ते ठीक, कारण पाय श्वास घेत नाही. पार्सलची चिकटपट्टी, सेलोटेप, स्वयंपाकघरातली प्लास्टिकची रॅप हे तर विचारूच नको. चिकटपट्टी काढताना कातडी सोबत येते.

हातात आत्ता पैसे नसतील, घरात सांगण्यासारखी परिस्थिती नसेल, तर एक बरी, मापाची स्पोर्ट्स ब्रा आणि वरून सैल शर्ट एवढ्यावर दिवस काढ. अठराच्या आतला असशील तर मी तरी आधी हेच सांगेन. शरीर अजून वाढतंय, बरगड्या वाढतायत, बाइंडर घातलाच तर थोड्या तासांसाठी.

आधी माप, मग बाकी सगळं

आमच्यातल्या निम्म्या लोकांचा पहिला बाइंडर चुकतो तो इथे. माप घेताना आपल्यालाच आपल्या छातीकडे बघायचं नसतं. मग डोळे मिटून, घाईघाईत, टी-शर्टवरून टेप फिरवली जाते आणि आकडा येतो तो मनातला. शिवाय "अजून थोडा टाइट असेल तर अजून सपाट" म्हणून एक साइझ लहान मागवायची. दोन्ही करू नको. दहा मिनिटं लागतात. दार लाव, हवं तर आरशाला पाठ कर, पण नीट मोज.

शिंप्याकडची मऊ इंचटेप घे. नसेल तर पायजम्याची नाडी किंवा सुतळी गुंडाळून खूण कर आणि मग शाळेच्या पट्टीवर मोज. उघड्या अंगावर किंवा पातळ बनियनवर मोजायचं. सरळ उभं राहायचं, हात खाली सोडायचे, टेप जमिनीला समांतर, आणि आकडा बघायचा तो साधा श्वास सोडल्यावर. पोट आत ओढायचं नाही.

तीन आकडे हवेत. छातीचा सगळ्यात भरलेला भाग, म्हणजे स्तनाग्रांच्या रेषेत गोल. छातीच्या बरोबर खाली, जिथे बरगड्या लागतात तिथे गोल. आणि खांदा: पुढून, एका खांद्याच्या हाडाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत सरळ. खांद्याचं माप लोक सोडून देतात आणि मग पट्ट्या मानेच्या बाजूला रुततात, नाहीतर काखेत कापतात. लांब बाइंडर घ्यायचा असेल तर खांद्यापासून कमरेपर्यंतची लांबीही घे.

दोन वेगवेगळ्या दिवशी मोज. पाळी येण्याआधीच्या दिवसांत छाती सुजते, दुखते, तेव्हाचा आकडा मोठा येतो. असा फरक पडत असेल तर मोठा आकडा खरा धर, कारण त्या दिवसांतही तुला तो घालायचा आहेच.

घरच्यांनी कधी ब्लाउज शिवून घेतला असेल तर ते माप तुझ्याकडे वहीत असेल. ते चालणार नाही. शिंपी अंगाच्या मापात सैलपणा धरून आकडा लिहितात, आणि कोणी किती धरला ते त्यांनाच माहीत. ब्राच्या नंबरवरूनही अंदाज बांधू नको. आणि प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असतो. एकीचा मीडियम म्हणजे दुसरीचा लार्ज, त्यामुळे मित्राला बसलेली साइझ तुझ्या कामाची नाही. दोन साइझच्या मध्ये अडकलास तर मोठी घे. ही गोष्ट पुन्हा सांगतो, कारण ऐकून कोणी ऐकत नाही: मोठी घे.

कुठला प्रकार

आखूड बाइंडर बरगड्यांच्या खालच्या टोकाशी संपतो. आपल्या हवेत तो बरा, पोट मोकळं राहतं, घाम कमी. त्याची एकच कटकट म्हणजे खालची कड गुंडाळून वर येते. पोट थोडं सुटलेलं असेल तर जास्तच. खुर्चीवर बसणाऱ्याला ते जाणवत नाही, पण आपण जेवायला मांडी घालून बसतो. मांडी घातली, ताटाकडे वाकलं, की कड दुमडून बरगडीखाली दोरी होते.

लांब बाइंडर कमरेपर्यंत जातो, पँटमध्ये खोचता येतो, गुंडाळत नाही. पोट आणि कंबरही सरळ दिसते. मोठी छाती असेल तर बऱ्याच जणांना हाच सोसतो. पण मे महिन्यात मुंबईत किंवा नागपुरात तो अंगात घालून चालणं म्हणजे शिक्षा आहे. टॉयलेटला जातानाही पँट, बाइंडर, शर्ट अशी सगळी उस्तवार.

चेन, हुक किंवा वेल्क्रोचा बाइंडर डोक्यातून काढावा लागत नाही. खांदा दुखत असेल, हात वर करायला त्रास असेल, किंवा दिवसात मधे काढावा लागणार असेल तर हा सोयीचा. चेन पातळ टी-शर्टमधून उठून दिसते हे खरं. वेल्क्रोचा धोका वेगळा. तो हवा तितका आवळता येतो, आणि आपला हात काही स्वतःला थांबवत नाही. तो वापरणार असलास तर पहिल्याच दिवशी, श्वास मोकळा असताना, जिथे लावलास तिथे आतून पेनाने खूण करून ठेव.

बाजारात पुरुषांच्या वाढलेल्या छातीसाठीची कॉम्प्रेशन बनियन मिळते, गायनेकोमॅस्टिया व्हेस्ट नावाची. पुष्कळ ट्रान्समॅन तीच वापरतात, कारण पार्सल कोणी उघडलं तरी ती पुरुषांचीच बनियन असते. छोट्या आणि मध्यम छातीला ती पुरते. मोठ्या छातीला पुरत नाही, आणि मग लोक दोन घालतात. दोन कधीही घालायच्या नाहीत. दोन बाइंडरही नाहीत.

छाती लहान असेल तर टेप हा आणखी एक मार्ग. खेळाडूंच्या स्नायूंना लावतात ती कायनेसिओलॉजी टेप, किंवा याच कामासाठी निघालेली तशीच टेप. छाती मधून काखेकडे सरकवून पट्टी बाजूला चिकटवायची, पट्टीची दोन्ही टोकं न ताणता. पाठीला पूर्ण वेढा कधी घालायचा नाही, तसा घातला की ती बँडेजच झाली. स्तनाग्रांवर गॉजचा तुकडा ठेवायचा. आधी पोटावर दोन इंचांचा तुकडा लावून एक दिवस बघायचं, खाज किंवा फोड आले तर विषय संपला. काढताना ओढायची नाही, खोबरेल तेल मुरवायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग ती आपसूक सुटते. बरगड्या मोकळ्या राहतात हा तिचा मोठा फायदा. पण घामाच्या दिवसांत ती तिसऱ्या दिवशी कडेने सुटायला लागते, आणि कातडीला दोन पट्ट्यांमध्ये सुट्टी द्यावीच लागते.

मोठ्या छातीच्या मित्रांना खरं सांगायला हवं. कुठलाही बाइंडर छाती गायब करत नाही. ती पसरवतो, रुंद करतो. जिम करणाऱ्या मुलाची असते तशी छाती दिसेल, पाटी दिसणार नाही. त्यावर एक चौकड्याचा शर्ट, आतल्या टी-शर्टावर उघडा, म्हणजे काम झालं.

कुठून घ्यायचा, आणि पार्सलचं काय

परदेशी कंपन्या चांगल्या आहेत. अमेरिकेतली जीसीटूबी, अंडरवर्क्स, इंग्लंडमधली स्पेक्ट्रम आउटफिटर्स ही नावं तू ऐकली असशील. पण कुरियर आणि कस्टम धरून बिल मूळ किमतीपेक्षा बरंच वर जातं आणि साइझ चुकली तर परत पाठवणं परवडत नाही. पहिला बाइंडर म्हणून मी ते सुचवत नाही. इथे आपल्याच लोकांनी चालवलेले छोटे शिवणउद्योग आहेत, इन्स्टाग्रामवर सापडतात. त्यांना तीन गोष्टी विचार: इंचांतला तक्ता आहे का, पुढचं अस्तर कशाचं आहे, आणि साइझ बदलून मिळेल का. तिन्हींची उत्तरं सरळ आली तर घे. तक्त्यात आकडे नसून नुसतं एस, एम, एल असेल, कापडात पोलादी किंवा प्लास्टिकच्या कांड्या असतील, "आठवड्यात छाती कमी" असलं काही लिहिलं असेल, तर ती कंबर आवळायची वस्तू आहे. ती आपली नव्हे.

घरी शिवायची हौस असेल तर पुढे दोन पदरी जाड सुती कापड, मागे आणि बाजूला पॉवरनेट (ताणणारं जाळीदार कापड), आणि शिवणी बाहेरच्या बाजूला. आतली शिवण काखेत आठ तास घासली की काय होतं ते मी अनुभवलंय.

पार्सल हा मात्र घराघरातला खरा प्रश्न. आमच्या चाळीत कुरियरवाला खाली उभा राहून नाव आणि "मॅडम, काय आहे यात, हलकं लागतंय" हे एका दमात ओरडायचा. साध्या पॅकिंगमध्ये पाठवाल का, पाकिटावर दुकानाचं नाव काय येतं, हे आधी विचारून घे. मित्राच्या पत्त्यावर किंवा कामाच्या ठिकाणी मागव. पैसे आधीच भरून टाक, म्हणजे दारात पाकीट उघडून बघण्याची वेळ येत नाही. कोणी विचारलंच तर "पाठीचा पट्टा" हे उत्तर महाराष्ट्रात चालतं. इथे प्रत्येक घरात कोणाची तरी पाठ दुखत असते.

पहिल्यांदा घालताना

आंघोळीनंतर लगेच घालू नको. ओल्या अंगावर तो अर्ध्यात अडकतो, दोन्ही हात वर, तोंडावर कापड, आणि मग घाबरगुंडी उडते. अंग पूर्ण कोरडं हवं. डोक्यातून जमत नसेल तर बाइंडर उलटा आणि खालचं वर करून पायातून चढव, कमरेपर्यंत आण, मग पट्ट्या वर ओढून खांद्यावर घे. पहिल्या दिवशी घरात विश्वासाचं कोणी असेल तर हाकेच्या अंतरावर ठेव. नसेल तर कात्री जवळ ठेव. अडकलास, दम कोंडला, तर बाजूची शिवण सरळ काप. वस्तू गेली तर गेली.

घातल्यावर आत हात घालून दोन्ही बाजूंची छाती मधून काखेकडे सरकव. हे नाही केलं तर मधोमध एकच फुगवटा येतो आणि "बाइंडर बेकार आहे" असं वाटतं. बहुतेक वेळा बाइंडर ठीक असतो, आतली मांडणी चुकलेली असते.

आता परीक्षा. पूर्ण खोल श्वास घे. खोक. जांभई दे. लोकलमधली कडी धरल्यासारखे दोन्ही हात वर कर. बूट बांधायला वाक. जमिनीवर मांडी घालून पाच मिनिटं बस, समोर ताट आहे असं समजून पुढे वाक. काखेजवळ आणि खालच्या कडेला दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. मग बाहेर पड आणि तीन मजले चढ, नेहमीच्या वेगात. वर पोचल्यावर १९ चा पाढा मोठ्याने म्हण. "एकोणीस सक" पर्यंत मधे दोन-तीनदा धाप लागली तर साइझ लहान आहे. पाढा येत नसेल तर आईला फोन लाव आणि तिने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं दे, ती परीक्षा जास्त कडक.

दोन तासांनी काढ आणि अंग बघ. फिकट गुलाबी वळ, तासाभरात जाणारे, चालतील. खोल खाच, जांभळटपणा, सोललेली कातडी किंवा बोटांना मुंग्या, यातलं काहीही असेल तर तो बाइंडर तुझा नाही. "वापरून सैल होईल" हे दुकानदार बुटाबद्दल सांगतात. बुटाबद्दलही ते खरं नसतं.

किती तास, किती दिवस

पहिल्या आठवड्यात रोज एक-दोन तास, घरात किंवा घराजवळ. पुढे हळूहळू वाढव. कमाल आठ तास. झोपताना कधीच नाही.

आठ तास ऐकायला सोपं वाटतं. मी डोंबिवलीहून करी रोडला जायचो. नऊ तासांची ड्युटी, जाता-येता तीन तास, म्हणजे घराबाहेर बारा. सुरुवातीला बारा तास घालायचो आणि रात्री जेवताना पाठीच्या मधोमध, दोन खांद्यांच्या मधे, खिळा ठोकल्यासारखं दुखायचं. मग हिशेब बसवला. घरातून निघताना स्पोर्ट्स ब्रा आणि वर जाड, गडद शर्ट. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये कोणाला कोणाची छाती दिसत नाही, सगळ्यांचीच चेपलेली असते. ऑफिसात पोचल्यावर टॉयलेटमध्ये बाइंडर. दुपारी डबा खायच्या आधी तासभर काढायचा, पुढून चेनचा असल्यामुळे दोन मिनिटांचं काम. संध्याकाळी निघताना पुन्हा स्पोर्ट्स ब्रा. सॅकमध्ये एक कापडी पिशवी त्यासाठीच. कुठल्या टॉयलेटच्या दाराची कडी नीट लागते हे आपल्याला कोणी शिकवायला लागत नाही. तुझं गणित वेगळं असेल, पण मांडून बघ. कोणत्या तासांना बाइंडर खरंच हवाय आणि कोणते तास नुसत्या सवयीचे आहेत ते दिसेल.

आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण सुट्टी, जमल्यास दोन. हे मी मनाचं सांगत नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात बाइंडिंग करणाऱ्या १८०० प्रौढांना त्यांच्या तब्येतीबद्दल विचारलं होतं. ९७ टक्के लोकांनी काही ना काही त्रास सांगितला. पाठदुखी आणि उकडणं हे निम्म्याहून जास्त जणांना. आणि त्रासाशी सगळ्यात पक्का संबंध निघाला तो आठवड्यातून किती दिवस घालतो याचा. विकतचे बाइंडरही त्यातून सुटलेले नव्हते, तेव्हा "चांगल्या कंपनीचा आहे, रोज घालतो" यात अर्थ नाही. त्याच लोकांनी मनाला बरं वाटतं, घराबाहेर पडायचं धाडस येतं असंही सांगितलं होतं. म्हणून तर आपण हे सगळं करतो.

व्यायाम, धावणं, क्रिकेट यासाठी बाइंडर काढून स्पोर्ट्स ब्रा. आणि पुण्यातल्या पोरांनो, ढोल-ताशा पथकातसुद्धा. कमरेला ढोल बांधून दोन-दोन तास सराव करायचा, विसर्जनाला त्याहून जास्त, दर ठोक्याला छाती भरून श्वास लागतो. त्यात बाइंडर घालून माझा एक मित्र मिरवणुकीत खाली बसला होता. लोकांनी उन्हाचा त्रास म्हणून पाणी मारलं. पथकाचा झब्बा सैलच असतो आणि समोर ढोल असतो. तिथे तुझी छाती कोणाला दिसत नाही.

काढल्यावर दोन-चार खोल श्वास घे, एकदा मुद्दाम खोक, दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकवून छाती पुढे ताण. आणि चालताना पोक काढू नको. आपल्यातल्या बहुतेकांना लहानपणापासून खांदे पुढे घेऊन छाती लपवायची सवय असते. बाइंडर आल्यावर ती सोडायची असते, कारण पोक आणि बाइंडर एकत्र आले की पाठ दुप्पट दुखते.

घाम, पावसाळा, धुणं

बाइंडरच्या आत पातळ सुती बनियन घाल, निदान उन्हाळ्यात तरी. घाम ती शोषते, कातडी वाचते. पांढऱ्या शर्टाखाली पांढरा बाइंडर उठून दिसतो, अंगाच्या रंगाचा दिसत नाही.

दोन-तीन वेळा घातला की धू. गार पाणी, सौम्य साबण, हाताने. ब्रश नको, ब्लीच नको, आपटायचा नाही, पिळायचा नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाब, पाणी टॉवेलमध्ये जातं. पट्ट्यांवर ओला लटकवला तर तो लांबतो, म्हणून आडवा वाळत घाल. इस्त्री नको. जमलं तर दोन घे. जुलैत एका रात्रीत काहीच वाळत नाही.

घरच्यांपासून लपवायला म्हणून दोरीवर टॉवेलखाली वाळत घालतात. मीही घालायचो. अर्धवट ओला, आंबूस वास, आणि दोन आठवड्यांत छातीखाली गोल लाल चकंदळ. गजकर्ण. मेडिकलवाल्याने काउंटरवरून "हे लावा, दोन दिवसांत जाईल" म्हणून ट्यूब दिली. खरंच दोन दिवसांत गेलं, आणि महिन्याभरात पाठीपर्यंत पसरून परत आलं. अशा मिश्र मलमांत स्टेरॉइड असतं. खाज थांबते, बुरशी मात्र खुशाल वाढते. त्वचारोगतज्ज्ञाला दाखव, आणि ते जाईपर्यंत बाइंडर बंद. वाळवायला रात्री खोलीत पंख्याखाली खुर्चीच्या पाठीवर टाक, वरून काही न झाकता.

थांबायचं कधी

श्वास अपुरा वाटणं, चक्कर, बरगडीत एका जागी टोचल्यासारखी कळ, हाताला मुंग्या: लगेच काढ, जिथे असशील तिथे. काढल्यावरही छातीत दुखत राहिलं किंवा दम लागत राहिला तर दवाखाना. सर्दी-खोकला, ताप असताना घालायचा नाही. दमा, हृदयाचा त्रास, पाठीचा कणा वाकडा असेल तर आधी डॉक्टरला विचार. सगळं सांगणं सुरक्षित वाटत नसेल तर "मी कॉम्प्रेशन व्हेस्ट घालतो, रोज इतके तास" एवढं सांगितलं तरी त्यांना तपासता येतं. एक्स-रेला जाताना काढून ठेव. छातीत गाठ लागली तर बाइंडरमुळे असेल म्हणून सोडून देऊ नको, दाखव. पुढे टॉप सर्जरीचा, म्हणजे छाती सपाट करायच्या शस्त्रक्रियेचा विचार असेल तर किती वर्षं बांधतोयस ते सर्जनला सांग, कातडीचा ताण बघून ते पद्धत ठरवतात.

बदलायचा कधी

नेहमी वापरातला बाइंडर वर्षभरात ढिला पडतो. खालच्या कडेला झालर येते, काखेजवळचं कापड पोचट लागतं. शिंप्याकडून आत घेऊ नको, त्याची ठेवण बिघडते. ढिला झालेला घरात घालायला किंवा लांबच्या प्रवासाला उत्तम. वजन बदललं, टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) सुरू झालं की खांदे बदलतात, तेव्हा नवा घेण्याआधी तिन्ही मापं पुन्हा.

माझ्या दुसऱ्या बाइंडरचं तेच झालं. धड होता, पण खांदे रुंदावले आणि तो लागायला लागला. स्वच्छ धुतला, लेबलवर बॉलपेनाने ३६, ३१, १५ असं लिहिलं, आणि नाशिकच्या एका पोराला पाठवून दिला. त्याची मापं जुळत होती. पोचल्यावर त्याने आरशातला फोटो पाठवला, खाली दहा बदाम. मी विचारलं, जिना चढलास का?

बराच वेळ काही आलं नाही. मग आलं, "दादा, काखेत जरा काचतोय. पण दिसतोय भारी."

म्हटलं, काढ तो. परत पाठव, आणि उद्या पुन्हा मोजू, खांद्यापासून.